चौथ्या सिलिंडरचा टॅपेट: इंजिन बदलाच्या नोंदी

11 जानेवारी

माझ्या ऑफ-रोड गाडीचं जुनं इंजिन उतरवलं. चेनपुलीला लटकत असताना चेंबरमधून (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातून) ऑइल ठिबकत होतं, रंग दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. दोष कुणाचा ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे इंजिनाला शिव्या द्यायची सोय राहणार नाही. रेडिएटरचा खालचा होज फाटला, पाणी गेलं आणि तापमानाचा काटा खाली आला. मला वाटलं, चला, इंजिन निवलं. खरं तर सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं. काटा मोजायला काही नाही म्हणून खाली बसला होता. तशीच आणखी सहा किलोमीटर चालवली.

हेडवर पट्टी उभी धरली तर मधोमध 0.40 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पात) आरपार जातंय, म्हणजे हेड वाकलंय. दोन लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) चरलेत. बांधून घेता येईल, पण पिस्टन मिळत नाहीत आणि मिळतात ते भलत्या मापाचे. तेव्हा दुसरं इंजिन.

गाडीची मापं लिहून ठेवतो, पुढे सारखी लागतील: रिकामं वजन 1900 किलो, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड हाउसिंग (चाकांच्या दांड्यांचं आवरण), अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 4.10, टायरचा व्यास 79 सेंमी. गिअरबॉक्स जुन्या इंजिनाच्या सुमारे 180 न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला.

14 जानेवारी

ज्याला त्याला विचारतोय आणि जो तो एकच शब्द फेकतोय: भरवशाचं. भरवशाचं म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. पाच लाख किलोमीटर चालणारं? की पन्नास हजाराला कुरकुरणारं, पण कुरकुर आधीच ऐकवणारं? खडकाळ वाटेवर एकटं अडकलेल्या माणसाला या दोन गोष्टी सारख्या नसतात. मला दुसरी हवी आहे. इंजिन बिघडणार असेल तर आधी आवाजाने, धुराने, गळतीने सांगावं, आणि सांगितल्यावर डब्यातल्या पान्यांनी काहीतरी करता यावं.

19 जानेवारी

यादी झाली, सगळी डिझेल इंजिनं. नावं नवी नाहीत, ऑफ-रोडवाल्यांच्या तोंडी हीच असतात.

कमिन्स 4बीटी: 3.9 लिटर, चार सिलिंडर, बोर (सिलिंडरचा व्यास) 102 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 120 मिमी, टायमिंग (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी जोडणी) गिअरवर. निस्सान टीडी42: 4169 सीसी, सहा सिलिंडर, बोर आणि स्ट्रोक दोन्ही 96, टायमिंग गिअरवर, व्हॉल्व्ह हलवायला पुशरॉड. टोयोटा 1एचझेड: 4164 सीसी, सहा सिलिंडर, 94 बाय 100, 1990 पासूनचं, टायमिंग बेल्टवर. मर्सिडीज ओएम617: 2998 सीसी, पाच सिलिंडर, टायमिंग चेनवर. लँड रोव्हर 200टीडीआय: 2495 सीसी, चार सिलिंडर, थेट इंजेक्शन, बेल्टवर.

पाचांतलं कुठलंही घेतलं तरी हसू होणार नाही. म्हणूनच निवड अवघड.

27 जानेवारी

आठवडाभर 4बीटीच्या प्रेमात होतो. ट्रकच्या घराण्यातलं इंजिन, सरळसोट बांधणी, 1600 आरपीएमला साडेतीनशेच्या वर टॉर्क. आज कागद-पेन्सिल घेतली आणि प्रेम उतरलं.

टायरचा घेर 2.48 मीटर. हे इंजिन 2500 च्या आसपास गव्हर्नरला (फेरे आवरणाऱ्या यंत्रणेला) टेकतं. टॉप गिअर 1:1, अ‍ॅक्सल 4.10, म्हणजे चाक मिनिटाला 610 वेळा फिरणार आणि गाडी ताशी 90 वर संपणार. तेही इंजिन शेवटच्या दमाला आणल्यावर. अ‍ॅक्सल 3.54 चे घातले तर 105. म्हणजे दोन्ही हाउसिंग उघडायची, आतले क्राउन-पिनियन गिअर बदलायचे, आणि तेवढ्याने डोंगर चढताना लागणारा जोर कमी करून घ्यायचा. वर गिअरबॉक्सवर दुप्पट टॉर्क. वर साडेतीनशे किलोच्या आसपास वजन, सगळं पुढच्या स्प्रिंगांवर. इंजिन भरवशाचं राहील यात शंकाच नाही. त्याच्या मागचं सगळं मोडून ते एकटं शाबूत उभं राहील.

भावाला हिशोब दाखवला. म्हणाला, "मग गिअरबॉक्सही ट्रकचाच घाल." हो, आणि मग ट्रकच का नको.

2 फेब्रुवारी

प्लायचे तुकडे जोडून सहा सिलिंडरच्या इंजिनाचा सांगाडा केला: क्रँक पुलीपासून फ्लायव्हीलच्या तोंडापर्यंत, पंखा धरून. बॉनेटखाली ठेवला. रेडिएटर पुढच्या जाळीला चिकटवला तरी 11 सेंमी कमी पडतात. मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापायची तर ड्रायव्हरचे पाय कुठे ठेवायचे?

टीडी42 सोडताना वाईट वाटलं. बेल्ट नाही, गिअरवर टायमिंग, बीडाचं जड अंग, अंगात घाई अजिबात नाही. 1एचझेडचंही तसंच, बेल्ट वेळेवर बदलला तर ते इंजिन तक्रार करत नाही. पण 11 सेंमी म्हणजे 11 सेंमी.

9 फेब्रुवारी

कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणारी, इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी नवी पद्धत) का नको, असं दोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. नव्या इंजिनांना नावं ठेवणं ही आमच्या जमातीची जुनी खोड, आणि त्यातलं निम्मं अज्ञानातून येतं. कॉमन रेलचं इंजिन कमी पितं, कमी धूर सोडतं, थंडीत पहिल्या फेऱ्यात सुरू होतं. रोज पक्क्या रस्त्यावर जायचं असतं तर मी तेच घेतलं असतं.

अडचण माझ्या वापराची आहे. जुन्या प्रीचेंबर इंजिनाचं (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) नोझल 120 ते 140 बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब 1600 बार, कित्येकांत त्याहून जास्त. एवढा दाब धरणारे भाग इतके चोख घासलेले असतात की डिझेलमधलं थोडं पाणी, डोळ्यांना न दिसणारा कचरा त्यांना पुरतो. मी वाटेत कॅनमधून डिझेल भरतो. शिवाय पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो, आणि माझं निम्मं चालवणं ताशी दहाच्या आत. आणि सेन्सरची एक वायर घासून तुटली तर इंजिन धडधाकट असूनही गाडी रांगायला लागते. ते नादुरुस्त असतं असं नाही. ते बोलतं ती भाषा ऐकायचं यंत्र माझ्या डब्यात नसतं, इतकंच.

16 फेब्रुवारी

उरली दोन: 200टीडीआय आणि ओएम617. लांबीत दोन्ही बसतात. टॉर्क टीडीआयचा 265, टर्बोवाल्या 617 चा 250 च्या आसपास. गिअरबॉक्सला दोन्ही जरा जास्तच, पण उजवा पाय सांभाळला तर चालून जाईल. टीडीआय थेट इंजेक्शनचं, म्हणून डिझेल कमी पिणार, आणि त्याचा जोर 1800 लाच येतो. 617 चा 2400 ला. कागदावर टीडीआय पुढे आहे हे मान्य.

तरी मी 617 च्या बाजूला झुकलोय. टायमिंग दुहेरी चेनवर. डिझेलचा पंप ओळीतला, पाच सिलिंडरना पाच प्लंजर, आणि त्याला वंगण इंजिनाच्या ऑइलचं, डिझेलचं नव्हे. त्यामुळे कोरडं, वंगण कमी असलेलं डिझेलही तो बराच काळ सोसतो. टर्बोवाल्यात पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार. 1974 साली हे प्रवासी गाडीत आलं तेव्हा पाच सिलिंडरचं इंजिन विक्रीच्या कारमध्ये कुणी घातलेलं नव्हतं. त्याच घराण्यातलं तापवलेलं इंजिन सी111 या प्रयोगाच्या गाडीत बसवून 1978 मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ताशी 300 च्या वर पळवलं होतं, 230 अश्वशक्तीवर. माझ्या इंजिनाकडून मी त्याच्या निम्म्याची अपेक्षा ठेवतोय. हा शेवटचा मुद्दा भावनेचा, निवडीत धरू नये. धरला.

23 फेब्रुवारी

एक इंजिन पाहिलं. कुठलं ते लिहीत नाही, कारण दोष मॉडेलचा नव्हता. विकणाऱ्याला मी फोनवर तीनदा सांगितलं होतं की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचलो, गप्पा मारता मारता हात हेडवर ठेवला. कोमट. ज्याला थंड इंजिन सुरू करून दाखवायचं नाही, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

तरी सुरू करायला लावलं. ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. थोडं थरथरलं तर ठीक. हे सरळ उडालं आणि पंख्याच्या जाळीत जाऊन पडलं. पिस्टनच्या रिंगांजवळून गॅस खाली येतोय. आभार मानून परत.

8 मार्च

617, टर्बोचं, मागून ठोकलेल्या एका सलून गाडीत उभं. महत्त्वाचं ते हे, की गाडीत उभं. जमिनीवर पडलेलं इंजिन कसं चालतं ते कुणाला विचारायचं? हेड गार होतं. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला, दोन सेकंदांत सुरू. पहिल्या मिनिटाला पांढरट धूर आणि किंचित लंगडा आवाज, मग स्वच्छ. झाकण जागच्या जागी थरथरतंय, उडत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. ऑइल काळं, ते डिझेलमध्ये असणारच; बोटांत चोळलं, खरखर लागली नाही.

गरम झाल्यावर हीटर प्लग काढले आणि त्या भोकांतून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते) घेतलं. स्टॉपचा लिव्हर दाबून, प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखे फेरे. आकडे आले 24, 23.5, 23.5, 18.5, 23 बार.

पुस्तक म्हणतं 22 ते 24 चांगलं, 15 च्या खाली बाद, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये 3 बारपेक्षा जास्त फरक नको. इथे साडेपाचाचा फरक. चौथा. सुरू होतानाचा लंगडा आवाज त्याचाच.

डिझेल पंपाचं काम आयुष्यभर केलेले एक काका सोबत होते. मी म्हटलं, काका, थोडं ऑइल टाकून पुन्हा घेऊ? पेट्रोलवर आपण करतो तसं, रिंग की व्हॉल्व्ह ते कळेल. काका हसले. "अरे, जागा किती असते वर, हिशोब कर की." केला. एका सिलिंडरचे 600 सीसी, कॉम्प्रेशनचं गुणोत्तर 21.5, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरते जागा 29 सीसी. त्यात 10 सीसी ऑइल ओतलं तर एक तृतीयांश जागा ऑइलनेच भरली. आकडा वाढणारच, रिंग कशाही असोत. डिझेलवर ती चाचणी खोटं बोलते.

काका म्हणाले, "टॅपेट बघितल्याशिवाय इंजिनाला वाईट म्हणू नको. उद्या थंड असताना ये."

9 मार्च

सकाळी सातला कव्हर उघडलं. या इंजिनात फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधली फट, हाताने लावायचे: थंड असताना इनटेक 0.10 मिमी, एक्झॉस्ट 0.35. लावायला 14 मिमीचे पाने लागतात, दोन नटांना एक-एक आणि वर स्प्रिंगची टोपी धरायला तिसरा. जागा इतकी अडचणीची की पाने तापवून वाकवलेले असावे लागतात. काकांचे वाकवलेले होते. त्यावरूनच माणूस कळतो.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवलं. कॅमचं नाक वर आलं की गेज घालायचं. पहिला इनटेक 0.08, एक्झॉस्ट 0.30. दुसरा जवळपास तसाच. तिसरा तसाच. चौथ्याचा इनटेक ठीक. चौथ्याच्या एक्झॉस्टवर 0.35 जात नाही. 0.20 नाही. 0.05 ची पात, कागदासारखी, ती टोकाला टेकली आणि वाकली. फट शून्य.

असं होतं कारण वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल जातो आणि वरची फट कमी होते. सैल टॅपेट टकटक करतो, सगळे ऐकतात. घट्ट टॅपेट गप्प बसतो. इंजिन उलट आणखी गोड वाजतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब गळतो, आणि तसंच रेटलं तर व्हॉल्व्हची कड जळते.

दहाही टॅपेट लावले. कव्हर बंद, इंजिन गरम, पुन्हा गेज. चौथा: 22.

काकांनी आकडा पाहिला आणि चहा मागितला, बाकी काही नाही. व्हॉल्व्हची कड थोडी तरी जळली असेल का? असेल, 24 च्या ऐवजी 22 आलेत ते त्यामुळेही असू शकेल. पण फरक 2 वर आला. इंजिन घेतलं.

15 मार्च

घरी आणल्यावरची तपासणी, पटकन. ऑइल फिल्टरचा कागद सुरीने उघडून उन्हात पसरला: काजळी, पण पितळी चमक नाही, म्हणजे बेअरिंग बोलत नाहीयेत. कॅमची खूण जुळवली तर क्रँक पुलीवर 3 अंशांचा फरक; चेन तेवढीच ताणली आहे, राहू दे. नोझल काकांकडे दिली. उघडण्याचा दाब 138, 136, 137, 121, 139 बार. पुन्हा चौथाच! त्या नोझलची टीप बदलली, शिम (पातळ चकत्या) घालून सगळी 140 ला आणली.

क्रँकच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं सील दोरीचं आहे. बदलू का, असा विचार केला. ते नीट करायचं तर मेन बेअरिंगची कॅप सोडावी लागते आणि आतल्या अर्ध्या दोरीसाठी क्रँकच हलवावा लागतो. कोरडं दिसतंय. ठेवलं.

30 मार्च

अ‍ॅडॉप्टर प्लेट. हे काम कुणी सांगत नाही, आणि इंजिन बदलाची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

इंजिनाच्या मागच्या तोंडाचे बोल्ट वेगळे, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगचे (पुढच्या घंटेसारख्या आवरणाचे) वेगळे. मध्ये 20 मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट. बोल्टांची भोकं जुळवणं सोपं आहे, लेथवाला अर्ध्या दिवसात देतो. पण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे, आणि बोल्ट ते काम करत नाहीत. ते काम डॉवेलचं, म्हणजे जागा पक्की धरणाऱ्या पिनांचं.

बेलहाउसिंग प्लेटवर कसलं. फ्लायव्हीलला चुंबकाने डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) चिकटवलं, त्याचं टोक बेलहाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला. क्रँक हळूहळू फिरवला. काटा वर शून्य, उजवीकडे 0.20 मिमी, खाली 0.46, डावीकडे 0.24. एकूण हालचाल 0.46, म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, 0.23 ने सरकलेला. केसाच्या दोन-तीन पट जाडी. एवढ्याने काय होतं? शाफ्टचं टोक क्रँकमधल्या बुशमध्ये तिरकं बसतं, क्लचप्लेटचा हब प्रत्येक फेऱ्याला वाकतो, आणि वीस हजार किलोमीटरवर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग रडायला लागतं. मग लोक म्हणतात गिअरबॉक्स कच्चा होता.

मध्यापासून सरकवलेले डॉवेल करून घेतले. पहिल्या खेपेला उलटे बसवले, हालचाल 0.80 झाली. संध्याकाळपर्यंत 0.14. मी 0.20 ची हद्द ठरवली होती.

क्रँकच्या टोकाला गनमेटलचा बुश, माझ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाचा. फ्लायव्हील जुनंच, पण नव्या क्लचसह बॅलन्स केलं.

12 एप्रिल

इंजिन जागेवर ठेवलं आणि फाउंडेशन (इंजिन धरणारे रबरी आधार) बांधण्याआधी पुढची हाउसिंग जॅकने वर उचलली, बंप स्टॉप (हाउसिंगची उसळी अडवणारं रबर) टेकेपर्यंत. चेंबरच्या तळाला मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवले होते. उतरवून मोजले: सर्वात पातळ गोळा 9 मिमी. खडकावर आदळताना स्टॉपचं रबर आणखी दबणार. 9 पुरत नाहीत. इंजिन 15 मिमी वर आणि 20 मिमी मागे घेतलं. आता 26.

पाच सिलिंडर म्हणजे क्रँकच्या दर 144 अंशांना एक स्फोट. चारपेक्षा मऊ चालतं, पण आयडलला त्याची स्वतःची एक झुलण्याची लकब आहे. फाउंडेशनचं रबर मऊच घेतलं.

26 एप्रिल

एअर क्लीनर आणि पाइप. दिवस गेला, आणि जायलाच हवा होता. डिझेलला थ्रॉटल नसतो. आयडलला असो वा चढावर, ते पोटभर हवा ओढतं. क्लीनरच्या पुढचा पाइप कुठे केसाएवढा फाटका असेल तर धूळ सरळ रिंगांत. म्हणून रबर बेलो एकच, बाकी धातूचा पाइप, प्रत्येक जोडाला रुंद क्लॅम्प. शंभर किलोमीटरनंतर पाइप उघडून आतून पांढरं फडकं फिरवणार. फडकं मळलं तर क्लीनरचं नाव काहीही असो.

हवा घेण्याचं तोंड छतापर्यंत नेलं. पाण्यातून गाडी नेणारे बंपरकडे बघतात. मला सारखे ते 29 सीसी आठवतात. दोन मोठे चमचे पाणी. तेवढं एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि पाणी काही दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

10 मे

रेडिएटर, होज, पंखा. सगळे होज नवे. पाणी कमी झालं की ओरडणारा वेगळा सेन्सर वरच्या टाकीत बसवला. याचं कारण 11 जानेवारीच्या नोंदीत आहे.

17 मे

पहिला स्टार्ट. आधी स्टॉप लिव्हर दाबून ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ. मग हातपंपाने फिल्टरची एअर काढली, नोझलचे नट सैल केले, डिझेल उसळायला लागल्यावर एकेक कसले. हातात प्लायची फळी घेऊन भाऊ एअर पाइपच्या तोंडाशी. डिझेल इंजिन पंप अडकून किंवा स्वतःचं ऑइल पिऊन भरधाव सुटलं तर चावी काढून ते थांबत नाही. हवा बंद करावी लागते.

तिसऱ्या फेऱ्याला लागलं. ऑइलचा दाब 3 बार. पाच मिनिटं सगळे नुसते उभे.

मग चावी बंद केली आणि ते चालूच राहिलं. भावाने फळी उचलली. मी ओरडलो, थांब, आयडलला आहे, सुटलेलं नाही. हाताने लिव्हर दाबला, बंद झालं. या इंजिनाला बंद करतो तो व्हॅक्यूम: चावी फिरली की पंपावरच्या डायफ्रॅमला व्हॅक्यूम मिळतो आणि तो डिझेल तोडतो. मी ती नळी भलत्याच निपलला लावली होती. नळी बदलली. शिवाय डॅशबोर्डवरून लिव्हरपर्यंत साधी केबलही टाकली, कारण एक नळी सुटल्यामुळे बंद न होणारं इंजिन मला मानवणार नाही.

31 मे

दोनशे किलोमीटर, त्यातले चाळीस दगडांतून. पहिला गिअर 3.7, ट्रान्सफर केसचा लो 2.5, अ‍ॅक्सल 4.10, मिळून जवळपास 38. आयडल 750 ला गाडी ताशी 3 किलोमीटरने सरकते, माणूस शेजारून चालत बोलू शकतो. पाय पेडलवरून काढून घेतला आणि गुडघाभर पायरी चढली. गव्हर्नरने स्वतःच डिझेल वाढवलं, आवाज जाड झाला, वर आल्यावर पुन्हा पातळ.

लांब चढावर पाणी 97 ला जाऊन थांबलं, टर्बोच्या आधीचा एक्झॉस्ट 650 ला. 1800 च्या खाली मात्र टर्बो झोपलेला असतो, तिथे 200टीडीआय माझ्या पुढे गेली असती. गिअर एक खाली ठेवायची सवय लावून घ्यावी लागेल.

परत आल्यावर फडकं फिरवलं. पांढरं.

14 जून

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी चार थेंब, बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकाखाली. दोरीचं सील. इंजिन स्टँडवर उलटं पडलेलं होतं तेव्हा दोन दिवसांचं काम होतं. आता गिअरबॉक्स आधी मागे ओढायचा. काकांना फोन केला. "थेंबच ना? धार लागली की सांग."

पुठ्ठ्यावर तारीख घालून ठेवली. 1500 किलोमीटरला टॅपेट पुन्हा बघायचे, चौथ्याचा एक्झॉस्ट आधी.